गाडीचा ऐब

साताऱ्याच्या बाहेर, हमरस्त्याला लागून आमचे गॅरेज आहे. त्याच्या मागच्या आवारात एक लांबलचक गाडी उभी आहे. गल्लीतली मुले तिला 'बंगला' म्हणतात. आम्ही तिघे भाऊ तिला काहीच नाव देत नाही. घरात नुसते 'ती' म्हटले की सगळ्यांना कळते. गेली काही वर्षे तो विषयही घरात फारसा निघत नाही. तो का निघत नाही, हे एकदा लिहून काढावे असे वाटले. 'मी' म्हणून लिहिणे सोपे गेले असते. पण जे केले ते तिघांनी मिळून केले आणि जे करता करता राहिले त्यातही तिघांची नीयत सामील होती. म्हणून 'आम्ही'.

वाई आणि मेणवलीचा परिसर सिनेमावाल्यांना फार प्रिय. 'गंगाजल' (२००३), 'स्वदेस' (२००४), 'दबंग' (२०१०), 'चेन्नई एक्सप्रेस' (२०१३) अशा कितीतरी चित्रपटांत वाईचे घाट आणि कृष्णाकाठ दिसतो. चित्रपट आला की त्याच्याबरोबर गाड्यांचा तांडा येतो, आणि त्यात नटनट्यांची वॅनिटी व्हॅन असते. हिंदी सिनेमात ही गाडी नव्वदच्या दशकात आली. ती रूढ करण्याचे श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लों यांना देतात. त्याआधी मोठमोठ्या नट्यांनाही कपडे बदलायला झाडाचा किंवा धरलेल्या चादरीचा आडोसा शोधावा लागे. म्हणजे ज्याला आपण चैन म्हणतो त्याची सुरुवात अब्रूच्या गरजेतून झाली होती. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आमची गाडी अशीच २००५ साली एका चित्रीकरणाबरोबर आली आणि पसरणीच्या घाटात तिचे इंजिन जाम झाले. बसच्या लांब चासीवर बांधलेली, तेव्हाच दहा वर्षांची. आत सोफा, भोवती बल्ब लावलेला आरसा, मागच्या बाजूला पलंग, न्हाणी-संडास, चहापाण्यापुरता ओटा, वर एसी, मागे जनरेटर. मालक मुंबईचे. इंजिनाच्या कामाचा अंदाज ऐकून त्यांनी उलट आम्हालाच विचारले, "तुम्हीच घेता का?" थोरल्यांनी एका रात्रीत निर्णय केला. गॅरेजवाल्याने मोडकी गाडी विकत घेणे म्हणजे हलवायाने शिळी मिठाई विकत घेण्यासारखे, असे अम्मा म्हणाली होती. पुढे कागदोपत्री ती खासगी वापराची कॅम्पर व्हॅन झाली आणि आमच्या घराला चाके लागली.

थोरल्यांना ती का हवी होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. तरुणपणी सुट्या भागांच्या खरेदीसाठी ते गावोगाव फिरत. एका शहरात रात्री पावसात तीन लॉजवर त्यांनी खोली मागितली. नाव सांगेपर्यंत खोली असायची, नाव लिहिताना ती भरलेली निघायची. ती रात्र त्यांनी स्टँडवर काढली. याबद्दल ते कधी चिडून बोलले नाहीत. फक्त ती गाडी घेतल्यावर पहिल्या प्रवासात पलंगावर आडवे होत म्हणाले, "हितं रजिस्टर नाही."

*

जुनी गाडी पाळणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाळली नाही त्यांना सांगणे कठीण. लोकांना वाटते, इंजिन सांभाळले की झाले. इंजिन बिचारे प्रामाणिक असते. दुखले की आवाज करते, धूर सोडते, तेल पिते. खरा शत्रू म्हणजे पाणी. तो आवाज करीत नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. टपावर एसी बसवण्यासाठी पाडलेल्या भोकातून, रिव्हेटच्या बारीक फटीतून पाणी आत शिरते आणि ते जिथे टपकते तिथे ते शिरलेले नसतेच. आतल्या प्लायवुडच्या मागून वाहत वाहत ते दहा फुटांवर पलंगाखाली उगवते. पहिल्या दोन पावसाळ्यांत आम्ही चुकीच्याच जागा बुजवीत होतो.

मग आमच्या उस्तादांनी एक दिवस आतली फळी उचकटून दाखवली. लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला, आणि दोन्ही जिथे टेकले होते तिथे पांढरी पूड. दोन वेगळ्या धातूंमध्ये ओल राहिली की त्यांतला एक दुसऱ्याला वाचवत स्वतः झिजतो. इथे अॅल्युमिनियम झिजत होते. उस्तादांनी सगळा पत्रा उतरवला, अँगलला प्रायमर मारला, मध्ये रबराची पट्टी घातली आणि मग पुन्हा रिव्हेट मारले. दोन महिने लागले. तेवढ्या मजुरीत एखादी जुनी जीप आली असती.

उस्तादांनी आणखी दोन गोष्टी बदलल्या. पाण्याची पाचशे लिटरची टाकी टपावर होती. पाणी लिटरला किलो, म्हणजे अर्धा टन वजन डोक्यावर घेऊन गाडी घाटातली वळणे घेत होती. ती टाकी त्यांनी खाली, दोन चाकांच्या मधल्या भागात आणली. आणि गॅसच्या सिलिंडरच्या कपाटाला खाली, अगदी जमिनीलगत, हवेसाठी भोके पाडली. आधीची भोके वर होती. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर पाण्यासारखा तळाशी साचतो, वर जात नाही. आधीच्या कारागिराने भोके पाडली होती, मेहनतही घेतली होती, पण ती वर पाडली होती. नेक नीयत आणि अर्धवट माहिती मिळून माणसे कशी मरतात, त्याचा नमुना आम्ही दहा वर्षांच्या गाडीत पाहिला.

उस्ताद मूळचे मिरजेचे, शिकलगारांतले. मिरजेचे तंबोरे आणि सतारी जगभर जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हे घराणे आधी तलवारी-भाल्यांना धार लावणारे होते. शस्त्रांचे दिवस संपले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि दुरुस्ती करता करता वाद्य घडवण्याची विद्या हाती आली. हे आम्हाला नेहमी मोठे वाटत आले आहे. आपल्याकडे नवे घडवणाऱ्याला कलावंत म्हणतात आणि जुने सुधारणाऱ्याला मिस्त्री. आमच्या समाजात तर गावोगाव मिस्त्रीच फार. डेंटिंगवाले, वायरमन, वेल्डर, सीटवाले, रेडिएटरवाले. पण उस्ताद म्हणायचे, "नवा बनानेवाला अपना ऐब छुपा सकता. मरम्मत करनेवाले कू सबका ऐब दिसता." हे वाक्य आम्ही त्या वेळी हसून ऐकले होते.

*

चाकांवरचे घर ही कल्पना विलायती आहे, असे अनेकांना वाटते. आमच्या जिल्ह्यांना ती अजिबात नवी नाही. पुसेगाव, पाल, म्हसवड, औंध, खरसुंडी या जत्रांना ज्यांचे बालपण गेले त्यांना तंबूतला सिनेमा आठवत असेल. जुनाट लॉरी, तिच्या मागच्या हौद्यात बसवलेले प्रोजेक्टर, आणि प्रोजेक्टरच्या बाजूलाच वळकटी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन. जत्रांचा हंगाम असेपर्यंत माणसे त्या लॉरीतच राहत. जेवण, झोप, हिशेब, भांडण सगळे तिथेच. या फिरत्या सिनेमांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कानच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात गंजक्या लॉऱ्यांची आणि प्रोजेक्टरांची दुरुस्ती पाहताना आम्हाला आमचेच आवार दिसत होते.

आणि आणखी मागे जायचे तर इब्न बतूता. तांजियरचा हा मुसाफिर चौदाव्या शतकात हिंदुस्थानात येण्याआधी किपचाकांच्या गवताळ मैदानातून गेला. तिथल्या चार चाकी गाड्यांचे त्याने केलेले वर्णन कुठल्याही गाडीवेड्याने वाचावे. बैल, घोडे, उंट यांनी ओढलेल्या गाड्यांवर लाकडी पट्ट्यांचा हलका तंबू, त्यावर नमदा, जाळीच्या खिडक्या. आतल्याला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. गाडी चालू असताना आत झोपता येते, जेवता येते, वाचता-लिहिता येते, असे तो मोठ्या कौतुकाने सांगतो. त्याच्या त्या गाडीत त्याची एक गुलाम मुलगीही होती, हेही तो सहज सांगून जातो. सुखाच्या वर्णनात त्या मुलीचे सुख कुठे येत नाही.

'इसराफ' हा शब्द आमच्या घरात त्या गाडीवरून बरेचदा उच्चारला गेला. गरजेबाहेरचा खर्च. मशिदीतल्या एका बुजुर्गांनी थोरल्यांना सरळ विचारले होते, राहायला घर असताना दुसरे घर डिझेल पाजून कशाला फिरवता? उत्तर आमच्याकडे नव्हते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा पाणी उतरू लागताच आम्ही गाडी मिरजेला नेली. नात्यातल्या आणि बिननात्यातल्या अशा दोन कुटुंबांतल्या बायका, एक बाळंतीण आणि दोन म्हाताऱ्या त्या गाडीत अकरा दिवस राहिल्या. न्हाणी-संडास आतच, दाराला कडी. पुराच्या छावणीत बाईमाणसाला सर्वांत आधी काय लागते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. परत आल्यावर ते बुजुर्ग काही बोलले नाहीत. पण आम्ही हे आमच्या बाजूचे उत्तर म्हणून पुढे करीत नाही. अकरा दिवसांसाठी चौदा वर्षे गाडी पाळावी, हा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही. तिची आम्हाला आवड होती, एवढेच खरे. ज्या गाडीत आपण आजारी आईला महाबळेश्वरला नेले, ज्या पलंगावर धाकट्याची मुले दुपारची झोपली, तिच्यावर जीव जडतो.

*

२०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. वर्तमानपत्रांत फोटो आले आणि अचानक आमच्या 'बंगल्या'ला गिऱ्हाईक येऊ लागले. त्याच सुमारास थोरल्यांच्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. फीचा पहिला हप्ता भरायचा होता आणि टाळेबंदीने गॅरेजचा धंदा पार बसवला होता. गाडी विकायचे ठरले. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आले. माणूस मोकळा, हसरा. बेदाण्याला भाव बरा मिळाला होता. आई-वडिलांना आधी पंढरपूर, मग तिरुपती दाखवायची त्यांची इच्छा होती. म्हाताऱ्यांना लॉजचे जिने चढवत नाहीत, वाटेत संडासाची पंचाईत होते, म्हणून ही गाडी. त्यांनी पलंगावर बसून पाहिले, आरशाचे बल्ब लावून पाहिले, इंजिन चालू करून ऐकले आणि किंमत ठरली. साडेपाच लाख. इसार घ्यायचा बाकी होता.

जनरेटर त्यांना नको होता. तो उतरवायला मधले आणि उस्ताद गाडीखाली गेले. जनरेटरची पेटी खोलली आणि तिच्यामागे, मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ, चासीच्या उजव्या दांड्यावर एक जुना लोखंडी पट्टा वेल्ड केलेला दिसला. त्यावर जाड काळा डांबरी रंग. उस्तादांनी तो खरवडला. पट्ट्याखाली जुनी तडा होती. वेल्डिंग आमच्या हातचे नव्हते. २००५ च्याही आधीचे होते. म्हणजे आम्हाला विकतानाच ती अशी होती आणि कुणी आम्हाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे आणखी एक म्हणजे तडा पट्ट्याच्या टोकापासून पुढे चार बोटे सरकली होती.

हे कसे होते, ते थोडक्यात सांगायला हवे. बसची चासी जेवढ्या लांबीसाठी केलेली असते तिच्यामागे आणखी काही फूट बॉडी वाढवायची, त्या टोकाला जनरेटर टांगायचा, आणि मागच्या चाकांच्या जागी तो दांडा वर्षानुवर्षे हिसके खातो. तडा जाते ती तिथेच. तडा गेली की तिच्या टोकाला आधी बारीक भोक पाडतात म्हणजे ती पुढे पळत नाही. मग खाच करून वेल्ड, मग दोन्ही बाजूंना निमुळती होत जाणारी पट्टी, आणि ती शक्यतो बोल्टने. नुसता चौकोनी पट्टा उभ्या वेल्डने चिकटवला तर वेल्डच्या उष्णतेने शेजारचे लोखंडच कमजोर होते आणि तडा पट्ट्याच्या कडेला नवी वाट काढते. आधीच्या माणसाने तेच केले होते. भोक पाडले नव्हते. रंग मात्र मन लावून दिला होता.

सोळा वर्षे आम्ही त्या दांड्यावर आई, बायका, मुले घेऊन खंबाटकी आणि कुंभार्ली चढलो-उतरलो होतो. त्या पलंगाच्या बरोबर खाली.

त्या रात्री गॅरेजचे शटर खाली ओढून आम्ही तिघे बसलो. थोरले म्हणाले, "जशी आली तशी दिली. आपण काय केलंय त्यात?" हे वाक्य ऐकायला वाईट वाटते, पण त्यात वजन आहे. ऐब आम्ही निर्माण केला नव्हता. आम्हीही फसलो होतो. फसवणूक हा जणू एक खोटा नाणेबंद रुपया असतो. ज्याच्या हाती शेवटी राहील त्याचा तोटा. मग तो आमच्याच हाती का राहावा? शिवाय सोळा वर्षे काही झाले नव्हते. मधले म्हणाले, "झालं नाही, कारण आपण जनरेटरच्या मागं बघितलं नव्हतं. आता बघितलंय."

या दोन वाक्यांमध्ये सगळा प्रश्न आला. न जाणता केलेले आणि जाणून केलेले यांत लोखंड तेच असते, रस्ता तोच असतो, धोकाही तेवढाच असतो. बदलतो तो फक्त जाणणारा. मग नुसत्या पाहण्याने माणसावर एवढी जबाबदारी कशी येते? आम्ही गाडीखाली गेलोच नसतो तर निर्दोष राहिलो असतो का? आणि तसे असेल तर शहाण्याने गाडीखाली जाऊच नये, हा धडा घ्यायचा का? बाजारात पुष्कळ जण तो धडा घेतात. विकायच्या गाडीची ते तपासणी करत नाहीत. म्हणजे विचारले तर 'आम्हाला काही माहीत नाही' हे खरे बोलता येते.

धाकटे शाळेत शिकवतात. त्यांनी कायद्याचे पुस्तक आणले. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम १७ खाली, याच प्रश्नाची उदाहरणे आहेत आणि ती घोड्याची आहेत. एका माणसाचा घोडा सदोष आहे. तो लिलावात विकतो आणि गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही लबाडी नाही. पण विकत घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर नात्यामुळे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि तिसरे उदाहरण असे की घेणारा म्हणाला, तू नाकारले नाहीस तर मी घोडा चांगला समजेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच.

हे वाचले गेले तेव्हा थोरल्यांची मुलगी चहा घेऊन आली होती. थोरले कप न घेता उठून बाहेर गेले.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही'त समोरचा येत नाही, 'आपण'मध्ये येतो. विकणारा नेहमी 'आम्ही'त उभा असतो. त्याचे घर, त्याची मुलगी, त्याचा हप्ता. कायद्यातला तो घोडेवाला मुलीला सांगतो, कारण ती 'आपण'मध्ये आहे. परक्याला सांगत नाही. पण गाडी घोड्यासारखी तबेल्यात राहत नाही. ती रस्त्यावर येते आणि तिच्यामागे-पुढे एसटी असते, ऊसतोडणीची बैलगाडी असते, शाळेची व्हॅन असते. त्या सगळ्यांना कुणी काही विकलेले नसते.

धर्माचे उत्तर आम्हाला माहीत होते. आपल्या वाचकांनाही माहीत आहे. पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तळाशी ओल लागली, विकणारा म्हणाला पाऊस पडला होता. तेव्हा त्यांनी विचारले की ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसावे म्हणून? त्या कथेत विकणाऱ्याने खोटे काही बोललेले नाही, हे लक्षात घ्यावे. पावसाचा दोषही त्याचा नाही. फक्त ओले खाली आणि कोरडे वर अशी ती रास होती. फिकहमध्ये यावरून खरेदीदाराचा हक्क मानला आहे, खयार-ए-ऐब. लपवलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क. इमाम अबू हनीफा कुफ्यात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने ऐब असलेले कापड न सांगता विकले आणि गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा त्यांनी त्या मालाची सगळी रक्कम दान केली, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. मुसलमानांपुरतीच ही चर्चा आहे असेही नाही. रोमचा सिसेरो इसवी सनापूर्वी याच प्रश्नावर लिहून गेला. घर सदोष आहे हे मालकालाच माहीत आहे, तर विकताना त्याने बोलावे की नाही?

उत्तर माहीत असणे आणि फीची तारीख जवळ असणे, या दोन गोष्टी एकाच रात्री एकाच डोक्यात असतात. लेखांत हे फारसे येत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

*

निर्णय आमच्या वादाने झाला नाही. तो त्या बागायतदारांच्याच एका वाक्याने झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. थोरल्यांनी सहज म्हणून विचारले, कुणी मिस्त्री आणून दाखवायची आहे का? ते हसले. "भाई, तुमच्याकडनं घेतोय, त्यात दाखवायचं काय? काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं की."

तिसरा घोडा दारात येऊन उभा राहिला होता. थोरल्यांनी फोन ठेवला. त्या रात्री ते झोपले नसावेत. फजरची नमाज झाल्यावर त्यांनीच फोन लावला आणि सगळे सांगितले. तडा, पट्टा, रंग, चार बोटे. मधल्यांना वाटले होते की हे सांगणे आपल्याला करावे लागेल. तसे झाले नाही, याचे त्यांना आजही बरे वाटते.

इथे ही हकिकत संपायला हवी होती. संपली नाही. बागायतदार क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मग तीस हजार कमी करा. मी तासगावात वेल्डिंग मारून घेतो."

आता काय? आम्ही सांगितले होते. धर्माने, कायद्याने, रीतीने जे करायचे ते झाले होते. थोरले म्हणाले, "माणूस शहाणा आहे. त्याला कळलंय. आपण त्याचे पालक नव्हे." हेही खोटे नाही. दुसऱ्याला सगळे सांगून वर त्याच्यासाठी निर्णयही आपणच घ्यायचा, यात एक प्रकारचा गर्व आहे. पण उस्तादांनी वेगळेच काढले. त्यांचे म्हणणे, योग्य काम करायचे तर मागची बॉडी उचलावी लागेल, दांडा आतून-बाहेरून बांधावा लागेल, आणि इतके करूनही "गाडी चलेगी. लेकिन घाट में आदमी भर के नक्को." तासगावातला वेल्डर बॉडी उचलणार नव्हता. तो आणखी एक पट्टा मारणार होता. आणि पलंगावर जी म्हातारी झोपणार होती तिला कुणीच काही सांगितले नव्हते. ऐब ज्याला सांगायचा तो पैसे देणारा की गाडीत बसणारा? किताबांत खरेदीदार एकच असतो. गाडीत आठ माणसे बसतात.

आम्ही अट घातली. आमच्याकडे, उस्तादांच्या हातून पूर्ण काम होईल, खर्च अर्धा अर्धा, आणि घाटाच्या रस्त्याने माणसे न्यायची नाहीत. अटीचा शेवटचा भाग आज आम्हालाच हास्यास्पद वाटतो. तासगावाहून तिरुपतीला जाणारा माणूस वाटेत घाट आला की गाडीतून उतरून चालत जाणार होता काय? बागायतदार रागावले. "विकायची नसली तर तसं सांगा. आधी सांगून भाव पाडायचा, मग अटी घालायच्या, ही कुठली रीत?" त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचेही बरोबर होते. पुढे त्यांनी दुसरीकडून अशीच एक गाडी घेतल्याचे कळले. ती कशी होती, तिच्या जनरेटरच्या मागे कुणी पाहिले का, ठाऊक नाही. म्हणजे ती म्हातारी आमच्या हातून सुरक्षित झाली, असेही म्हणता येत नाही. फार तर आमच्या गाडीपुरती झाली.

फीचा हप्ता भाभींच्या बांगड्या पतसंस्थेत ठेवून भरला. पुढच्या वर्षी त्यांतल्या दोन सुटल्या, दोन गेल्या. भाभींना या सगळ्यात कुणी विचारले नव्हते. तिघा भावांनी शटर ओढून आपले इमान राखले आणि त्याची किंमत जिच्या हातात बांगड्या होत्या तिने दिली. भाभी याबद्दल काही म्हणत नाहीत. गाडीचा विषय घरात का निघत नाही, त्याचे कारण तडा नाही, हे आहे. इब्न बतूताच्या गाडीतली ती मुलगी आम्हाला तेव्हापासून अधिक आठवते.

गाडी मोडीत द्यायचे त्यानंतर दोनदा ठरले. २०१९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाहीत. वाढवलेल्या मागच्या भागाचे नूतनीकरण आता कठीणच होते. नोंदणी रद्द करायची तर चासी नंबर कोरलेला तुकडा कापावा लागतो. आम्ही तिचे इंजिन बदलले, पत्रा बदलला, टाकी बदलली, टायर कितीदा बदलले, तरी कागदावर ती तीच राहिली, कारण चासीवरचे ते आकडे तेच राहिले. सरकारच्या लेखी गाडीचा जीव तेवढ्या एका तुकड्यात असतो, आणि आमच्या गाडीचा रोगही त्याच चासीत निघाला.

कटर गॅरेजातच आहे. दहा मिनिटांचे काम. उस्ताद आता थकले आहेत, पण आले की विचारतात, "काटा क्या?" मधले मान हलवतात. टायर उतरवून विकले, गाडी दगडी ठोकळ्यांवर ठेवली आहे. धाकट्याचा मुलगा रात्री आत बसून अभ्यास करतो. आरशाभोवतीचे बल्ब एक सोडून सगळे लागतात. गेल्या मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, मधले शिडी लावून टपावर चढले आणि एसीच्या कडेने नवे सीलंट भरून आले. थोरले खाली उभे राहून शिडी धरून होते.